वेणी बारीक झाली, भांग रुंदावला: चाळिशीनंतर केसांची निगा कशी राखायची

आईच्या वेणीत गंगावन, म्हणजे वेणीला जोडायचे उसने केस, नेमकं कधी आलं, हे एका घरात राहूनही मला कळलं नव्हतं. कपाटाच्या खणात काळ्या रिबिनीशेजारी ते गुंडाळून ठेवलेलं असायचं आणि लग्नाकार्याला जायचं असलं की बाहेर निघायचं. माझ्या बाबतीत मात्र रबरानं चुगली केली. दोन वेढ्यांत घट्ट बसणारं रबर तीन वेढे घेऊ लागलं, मग चार. गंमत म्हणजे केस काही फार गळत नव्हते. न्हाणीघराच्या जाळीत पूर्वीइतकाच गुंता अडकत होता. मग केस गेले कुठे?

गेले नव्हते, बारीक झाले होते. वयानुसार केसांत होणारे बदल असे गुपचूप होतात आणि आपण मात्र विशीत शिकलेलीच निगा पन्नाशीत चालवत राहतो: तेच रात्रभर तेल, तोच घट्ट अंबाडा, तोच शाम्पू. केस बदलले की निगाही बदलावी लागते. त्यासाठी आधी काय बदललंय ते ओळखायचं.

आधी थोडं समजून घेऊ

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र स्वतंत्र चालतं. २ ते ६ वर्षं केस वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते, सुमारे ३ महिने तो नुसता बसून राहतो आणि मग गळतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हा रोजचाच हिशेब आहे, रोग नव्हे.

वय वाढतं तसा वाढीचा काळ आखडतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. वाढीचा काळ ६ वर्षांचा असेल तर केस ७० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे कमरेच्या आसपास पोचतो. तोच काळ ३ वर्षांवर आला की ३५ सेंटिमीटरला गळून जातो. ‘आता माझे केस खांद्याखाली वाढतच नाहीत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच गणित असतं. कुठलंही तेल हे गणित उलटवत नाही.

त्याच वेळी मूळ आक्रसतं आणि दर खेपेला आधीपेक्षा बारीक केस उगवतो. बायकांमध्ये पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी झाल्यानं हे जास्त जाणवतं. पुढची कपाळाची रेघ सहसा टिकते, पण भांग रुंद होत जातो. पुरुषांचे केस कानशिलांवरून आणि माथ्यावरून मागे सरतात, कारण तिथली मुळं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला जास्त दबतात. पांढरेपणाची गोष्ट वेगळी. मुळाशी रंग भरणाऱ्या पेशींचा साठा संपत जातो आणि पुढचा केस रंगाशिवाय उगवतो. त्याशिवाय टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेलही घटतं, म्हणून जे केस कधीकाळी दोन दिवसांत चिपचिपीत व्हायचे ते आठवडाभर कोरडे राहतात.

आता या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट सांगते. बाहेर दिसणारा केस मेलेला असतो. त्याला पोषण देता येत नाही, फक्त जपता येतं. जिवंत असतं ते टाळूखालचं मूळ, आणि त्याला खाऊपिऊ मिळतं ते रक्तातून. ‘केसांना मुळापासून पोषण’ असं बाटलीवर वाचलं की हे आठवायचं.

पहिली पायरी: आरशासमोर अर्धा तास

खिडकीशी दिवसाउजेडी उभं राहून मधोमध भांग पाडा आणि कुणाकडून तरी वरून फोटो काढून घ्या. तीच जागा, तोच उजेड, दर ३ महिन्यांनी. रोज आरशात पाहून काही कळत नाही, उगीच धास्ती वाढते. रबराचे वेढेही लिहून ठेवा. हसू येईल, पण पुढे डॉक्टरकडे गेलात तर ‘केस कमी झालेत हो’ यापेक्षा ‘दीड वर्षात दोनाचे चार वेढे झाले’ हे वाक्य जास्त उपयोगी पडतं.

मग कंगव्यात आलेले दहा-पंधरा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसली तर तो केस मुळापासून गळलाय. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो मधेच तुटलाय. गळणं आणि तुटणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गळणाऱ्याचा उपाय शरीरात शोधायचा, तुटणाऱ्याचा न्हाणीघरात आणि कंगव्यात. मी दोन वर्षं तुटणाऱ्या केसांसाठी गोळ्या खाल्ल्या, हे कबूल करून टाकते.

आणखी एक चाचणी: ५०-६० केसांची बट चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे हलकेच ओढायची. डोक्याच्या वेगवेगळ्या भागांतून प्रत्येक वेळी सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती जोरात आहे असं समजा. आदल्या दिवशी न्हालेलं असू नये, नाहीतर आकडा फसवतो.

दुसरी पायरी: मागचे तीन महिने आठवा

केस एकाएकी मुठी-मुठीनं गळायला लागले तर कालच्या शाम्पूला दोष देऊ नका. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्यानं घटवलेलं वजन, घरातलं मोठं दुःख, यांपैकी काहीतरी दोन-तीन महिन्यांपूर्वी घडलेलं असतं. त्या धक्क्यानं पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि ती मुदत संपली की एकदमच गळतात. अशी गळती बहुधा सहा महिन्यांत आपसूक थांबते. तोवर धीर धरणं हाच उपचार, पण नेमका त्याच काळात माणूस हजारोंचा खर्च करून बसतो आणि शेवटी ज्याच्या त्याच्या तेलाला श्रेय मिळतं.

असं कारण सापडत नसेल तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. फेरिटिन मुद्दाम सांगून करून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा घरांत केसांचं पहिलं औषध लोह हेच असणार. पंचविशीच्या आत केस पिकायला लागले असतील आणि घर शाकाहारी असेल तर बी-१२ बघाच.

केसांसाठी बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेत असाल तर प्रयोगशाळेत तसं सांगा आणि डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी बंद ठेवा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिनसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली तसा इशारा दिला होता. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, रक्तदाबावरची बीटा-ब्लॉकर औषधं यांनीही काहींचे केस गळतात. शंका आली तरी गोळी मनानं बंद करायची नाही, विचारायचं.

तिसरी पायरी: न्हाणं

नियम एकच, शाम्पू टाळूला आणि कंडिशनर लांबीला. मी वर्षानुवर्षं उलटं करत होते.

आठवड्यातून दोनदा न्हाणं बहुतेकांना पुरतं. केस कोरडे असतील तर एकदा, मुंबई-कोकणच्या घामात तीनदाही चालेल. शाम्पू तळहातावर पाण्यात मिसळून पातळ करा, बोटांच्या पेरांनी टाळूला चोळा, नखं लावू नका. खाली उतरणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर कानाच्या खालच्या भागालाच, दोन मिनिटं. पाणी कोमट. कढत पाण्यानं उरलंसुरलं तेलही जातं.

बोअरचं पाणी असेल तर केस राठ होतात आणि साबणाचा चिकट थर बसतो, कारण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. घरभर यंत्र बसवणं सगळ्यांना परवडत नाही. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घेतले तरी फरक पडतो.

शिकेकाई-रिठा वापरणाऱ्यांनी वापरावं, पण पूड भिजवून, उकळून, गाळून. न गाळलेली भरड कोरड्या पिकल्या केसांत अडकते आणि विंचरताना केस तोडते.

ओला केस ताणला की लवकर तुटतो. टॉवेलनं झटकणं, खसाखसा पुसणं सोडा. घरात जुना मऊ पंचा असेल तर त्यात केस गुंडाळून दाबून पाणी टिपा. रुंद दातांच्या फणीनं खालून वर विंचरत या: आधी टोकांचा गुंता, मग मधला, शेवटी मुळाशी. बहुतेक जणी वरून खाली ओढतात आणि सगळा गुंता शेंड्याशी नेऊन घट्ट करतात. कमरेपर्यंतच्या वेणीचा शेंडा पाच-सहा वर्षांचा म्हातारा असतो. त्याला फाटे फुटले असतील तर कापणं एवढाच उपाय, कुठलंही सीरम ते सांधत नाही.

चौथी पायरी: तेलाचं काय करायचं?

इथे घरोघरी भांडणं आहेत. खोबरेलाचा एक गुण खरोखर तपासलेला आहे: त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी होते. सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांना ते जमलं नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मुंबईतला, खोबरेल विकणाऱ्याच कंपनीच्या शास्त्रज्ञांचा. पण निष्कर्ष टिकून आहे. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावायची आजीची रीत बरोबरच होती. फक्त तिचं काम केस जपण्याचं, उगवण्याचं नव्हे.

कृती अशी. दोन चमचे तेल कोमट करा. हिवाळ्यात थिजलेलं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको. मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावा, टाळूला बोटांनी हलकं. तास-दोन तास पुरे, मग न्हाऊन टाका. जोरजोरात डोकं रगडल्यानं ‘रक्ताभिसरण’ वाढतं म्हणतात. विरळ केसांच्या बाबतीत मला तरी त्यातून हातात केसच आलेले आठवतात. कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्यामागच्या मॅलासेझिया बुरशीला तेच तेल खाऊ मिळतं. तिथे केटोकोनॅझोलचा शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुवायचा, तोही डॉक्टरांना विचारून.

माका, जास्वंद, ब्राह्मी घालून कढवलेलं तेल मला आवडतं, वासासाठी. पण पांढरा केस त्यानं काळा होत नाही. तसं सांगणाऱ्या आत्याबाईंचे स्वतःचे केस कलप लावलेले असतात, हे मी पाहिलंय.

पाचवी पायरी: पांढऱ्या केसांचा निर्णय

तीन वाटा आहेत आणि तिन्ही सन्मानाच्या आहेत. एक पांढरा केस उपटला की चार येतात हे खोटं, पण उपटून मूळ दुखावतं, म्हणून उपटू नका. कापा.

*कलप.* काळ्या कायम रंगांत बहुधा पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी असतं. त्याची ॲलर्जी अंगावर येते तेव्हा कपाळ-कान खाजतात, लस येते, डोळे सुजून बंद होतात. ‘अमोनिया नाही’ याचा अर्थ ‘पीपीडी नाही’ असा होत नाही. ‘काळी मेंदी’ या नावानं मिळणाऱ्या पाकिटांतही ते असू शकतं. म्हणून दर वेळी थोडंसं मिश्रण कानामागे लावून ४८ तास वाट पाहा. ‘मी दहा वर्षं हाच लावते’ हे उत्तर चालत नाही, ॲलर्जी अकराव्या वर्षीही सुरू होते. एकदा झाली की ती जन्माची सोबत.

*मेंदी आणि नीळ.* नुसत्या मेंदीनं पांढरे केस केशरी होतात. गडद तपकिरी ते काळा रंग हवा तर दोन टप्पे लागतात, आणि अख्खा रविवार. पाकिटावर फक्त मेंदीची पानं लिहिलेली असावीत. राजस्थानातल्या सोजतची मेंदी नावाजलेली आहे. चांगल्या पुडीला वाळल्या गवतासारखा वास येतो. अर्ध्या तासात काळाभोर रंग द्यायचं वचन असेल तर पाकीट परत ठेवा.

खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी काळ्या चहाच्या कोमट पाण्यात, चमचाभर लिंबू घालून रात्रभर भिजवा. लोखंडी कढईत भिजवली तर रंग गडद उतरतो. सकाळी तेल नसलेल्या स्वच्छ केसांना लावून दोन-तीन तासांनी नुसत्या पाण्यानं धुवा. मग तेवढीच निळीची पूड (पानांची, कपड्यांची नव्हे!) कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा आणि दहा-पंधरा मिनिटांत लावायला घ्या. हिच्यात लिंबू नको आणि ही साठवून ठेवता येत नाही. दीड-दोन तासांनी धुवा. आधी हिरवट झाक दिसेल, घाबरू नका, दिवसा-दोन दिवसांत ती काळवंडते. दोन दिवस शाम्पू नको. पुढच्या वेळी फक्त उगवलेल्या मुळांनाच लावा. दर महिन्याला सगळ्या लांबीला मेंदी थापली की केस केरसुणीसारखे होतात. आणि नीळ लावलेल्या केसांवर पार्लरमध्ये रंग उडवायचा प्रयोग करायचा नाही.

*तसेच ठेवणं.* महिन्याला १ सेंटिमीटर या हिशेबानं ३० सेंटिमीटर केसांतून रंग निघून जायला अडीच वर्षं लागतात. केस कापून निम्मे केले तर वेळही निम्म्यावर येतो. मधले सात-आठ महिने कठीण, कारण भेटेल तो ‘बरं नाही का?’ विचारतो. पांढऱ्या केसात रंगद्रव्य नसल्यानं ऊन जास्त लागतं आणि ऊन, धूर, क्षार यांनी तो पिवळट होतो. ओढणी, पदर, टोपी वापरा. पंधरा दिवसांतून एकदा जांभळा शाम्पू लावला की पिवळेपणा दबतो. दोनदा लावला की आपणच जांभळे दिसतो, स्वानुभव आहे.

पार्लरमधल्या सरळीकरणाबद्दल माझं मत कडक आहे: पिकल्या, बारीक केसांवर नको. त्या क्रीममधल्या फॉर्माल्डिहाइड या रसायनाचा धूर डोळ्या-फुप्फुसांना वाईट, आणि त्याच्याऐवजी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

सहावी पायरी: ताट

केस म्हणजे केरॅटिन, केरॅटिन म्हणजे प्रथिन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. पातळ वरणाची एक वाटी पाच-सहा ग्रॅमच देते, एक अंडं ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे सात-आठ. आठवड्यात दोन उपास आणि दोन्हींना साबुदाणा असेल तर त्या खिचडीत प्रथिन असतं ते फक्त दाण्याच्या कुटात. कूट वाढवा, सोबत वाटीभर दही घ्या.

लोहासाठी हळीव, पालेभाज्या, खात असाल तर मटण-मासे. जेवणावर लिंबू पिळा, जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. चहातल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं.

गोळ्यांच्या बाबतीत जास्त म्हणजे चांगलं नव्हे. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जादा झालं तर केस उलट गळतात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं काही दिवसांत केस गळून हवालदिल झाली. तेव्हा डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत बोट रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे गेलं. ‘केसांची मल्टिव्हिटॅमिन’ घेण्याआधी तिच्यात सेलेनियम किती आहे ते वाचा.

विरळपणावर औषध

भांग रुंदावतोय हे फोटोंतून दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लवकर जा. मूळ आक्रसलं असलं तरी जिवंत असेतोवर उपाय चालतो. सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध मिनॉक्सिडिल, मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, तेव्हा हा उपयोग लक्षात आला. २ किंवा ५ टक्के द्रावण कोरड्या टाळूला लावतात, केसांना नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते आणि इथेच बहुतेक जण बाटली फेकतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की मिळवलेलं जातं. गर्भारपणी आणि अंगावर पाजताना वापरायचं नाही. घरात मांजर असेल तर उशीवर, हातावर उरलेला थेंबही तिला विषारी ठरतो. पुरुषांना फिनॅस्टराइडची गोळी देतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

काही खुणा दिसल्या तर वाट पाहूच नका. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली, टाळू जळजळते, पू येतो, किंवा पन्नाशीनंतर कपाळाची रेघ मागे सरतेय आणि सोबत भुवयाही जाताहेत. शेवटच्या प्रकारात मूळ व्रणानं बुजतं आणि गेलेला केस परत येत नाही. हनुवटीवर एखाददुसरा राठ केस येणं वयाचंच आहे, पण दाढी झपाट्यानं वाढली आणि आवाजही घोगरा झाला तर तपासणी हवी.

घरातल्या आजीचे केस

यावर कुणी लिहीत नाही म्हणून थोडं. ऐंशीपुढे टाळू कागदासारखी पातळ होते. बारीक दातांची फणी काढून ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, त्यावर प्लॅस्टिक, त्याचं टोक खाली बादलीत, आणि तांब्यानं कोमट पाणी: पंधरवड्यातून एकदा एवढं दोघांत सहज होतं. आधी पाणी आपल्या मनगटावर ओतून पाहायचं. शाम्पू चमचाभर पुरे, केस लगेच कोरडे करायचे, पंखा बंद. मागे एक अंबाडा घातला तर त्या गाठीवर झोपून टाळू दुखते आणि मागचे केस तुटतात. त्याऐवजी कानांच्या खाली दोन सैल वेण्या घालून खांद्यांवर पुढे घ्या. केस कापून टाकायचे झाले तर तिला विचारून कापा. आईनं मला दोनदा ‘नको’ म्हटलं, तिसऱ्यांदा ‘काप, पण गंगावन टाकू नकोस’ म्हणाली.